बोर्डात आलेली भावंडं

"आमची पाचही नातवंडं बोर्डात आली," असं आजी कुणालाही ठणकावून सांगायची आणि ऐकणारा दचकायचा. १९८०च्या दशकातल्या डोंबिवलीत बोर्डात येणं म्हणजे दहावीच्या गुणवत्ता यादीत झळकणं. पेपरात तिकिटाएवढा फोटो, गल्लीभर पेढे आणि शेजारच्या पोरांना पुढचं वर्षभर टोमणे. आमच्यापैकी कुणी त्या यादीच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नाही. दादाला दहावीला एकाहत्तर टक्के मिळाले तेव्हा काकांनी पेढे आणले ते पाव किलो, आणि तेही घरातल्या घरात संपवले.

आजीचा बोर्ड निराळा होता. वर्गाच्या मागच्या भिंतीवरचा, हिरवं कापड ताणून बसवलेला, कडेनं लाकडी पट्टी ठोकलेला. शाळेच्या कागदोपत्री तो 'भित्तिफलक', बाईंच्या तोंडी 'वार्ताफलक' आणि आमच्या तोंडी नुसता बोर्ड. त्यावर आमच्या अक्षरातली चिठ्ठी लागली की तिच्या हिशेबी नातवंड बोर्डात आलं. आता ती गुणवत्ता यादीच बंद झाली आहे, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायची सोयही राहिली नाही.

घर डोंबिवली पूर्वेला, रामनगरात. तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांमधलं दार कायमचं उघडं टाकून बाबा आणि काका यांचा एक संसार झाला होता. १९८४च्या जूनमध्ये दादा दहावीत, ताई नववीत, मी आठवीत, चुलतभाऊ सहावीत आणि धाकटी पाचवीत. पाचही एकाच शाळेत. एका वर्षात एकाच घरात पाच वर्गांचे पाच बोर्ड म्हणजे काय होतं, ते शनिवारी रात्री आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बघायला हवं होतं. शहाबादी फरशीवर कार्डशीट पसरलेली, धाकटी त्याच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून बसवलेली, दिवे गेलेले, आणि कंदिलाच्या उजेडात ताई बोरूनं 'वर्षा ऋतू' लिहितेय. वर्षातला 'र्ष' नेहमी ओळीच्या बाहेर जायचा.

पण हे सगळं सुरुवातीला अगदीच पोकळ होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. पंधरा ऑगस्टला तिरंगी क्रेप कागदाची झालर, शिक्षकदिनाला राधाकृष्णन, दिवाळीला चार पणत्या. मध्ये पूर्ण महिना तीच झालर उन्हानं विटत लोंबत राहायची. कोण वाचत होतं? लिहिणाऱ्याची आई पालकसभेला आली तर ती. आमच्या घरातलं हे सगळं फिरलं ते मोठ्या आत्यामुळे.

मोठी आत्या ठाण्याला, नौपाड्यात. तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. गणपतीला आणि मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जायचो, तलावपाळीला एक फेरी मारायचो आणि परत यायचो. तिच्या शाळेचा फलक जिन्याजवळ, काचेच्या दाराचा, कुलपातला. एकदा सुट्टी नसताना मी तिच्याबरोबर तिच्या शाळेत गेलो होतो. सोमवार होता. शिपाईमामा ओलं फडकं घेऊन फलकाशी उभे होते, पण हात चालवत नव्हते. त्यांना ताकीद होती, बाईंनी बघितल्याशिवाय काच पुसायची नाही. आत्या आली, चष्मा कपाळावर चढवला आणि काचेला गाल लावून तिरकं बघू लागली. मला वाटलं काही चिकटलंय. मग तिनं मलाही तसंच वाकायला लावलं. काचेवर नाकांचे ठसे होते. शेकडो. वर दहावीची नाकं, त्याखाली आठवीची, आणि अगदी खाली, जिथे आत्यानं बेडकाच्या हृदयाचं चित्र लावलं होतं, तिथे पाचवीच्या नाकांची नुसती रांगोळी. उजवीकडे मुख्याध्यापकांनी दिलेला 'शिस्तीचे महत्त्व' हा लेख होता. त्याच्यासमोरची काच स्वच्छ, झकास, आरशासारखी.

"वाचलंत का, असं पोरांना विचारायचं नसतं," ती म्हणाली. "सगळी हो म्हणतात. काच बघायची." मग मामांना म्हणाली, "हं, पुसा आता."

आमच्या बोर्डाला काच नव्हती. पण आत्याकडे पोस्टकार्डं होती. पंधरा पैशांचं कार्ड नौपाड्याहून निघून दोन-तीन दिवसांत रामनगरात पोचायचं. आमचा एखादा बोर्ड ती पालकसभेच्या निमित्तानं किंवा नुसती जाता-येता पाहून जायची आणि मग कार्ड यायचं. ताईच्या 'वर्षा ऋतू'वर आलेलं कार्ड घरात सगळ्यांना पाठ आहे. 'फलक पाहिला. अक्षर सुरेख. कुणी वाचणार नाही.' पुढे खुशाली, बाबांच्या पायाची चौकशी, आणि सही. ताई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उलट कार्ड टाकलं, 'मग काय लिहू?' त्याला उत्तर आलं ते एवढंच, की या कार्डावर मावतं त्याहून जास्त काही बोर्डावर लावू नकोस; आणि लावशील ते पाचवी-सहावीच्या पोराचं नाक जिथे येतं तिथे लाव. चुलतभावाला भिंतीशी उभं करून आम्ही दाराच्या चौकटीवर त्याच्या नाकाची खूण केली. ती पेन्सिलीची रेघ पुढे रंग देताना बाबांनी मुद्दाम राखली.

आत्याला हे कुठून सुचायचं? थोडं स्वभावातून, थोडं कोसबाडहून. ठाणे जिल्ह्यातल्या (आता तो भाग पालघरमध्ये गेला) कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उभं केलेलं काम पाहायला ती शिक्षकांच्या सहलीबरोबर गेली होती. तिथे बिया, शिंपले, पानं, दगड यांतून मुलं मोजायला शिकतात हे पाहून आली आणि तेव्हापासून तिनं विकतचे तक्ते जवळपास सोडलेच. दुकानात 'भारताचे राष्ट्रीय पक्षी व प्राणी' असा रंगीत तक्ता मिळायचा. तिला तो दाखवला की ती म्हणायची, "मोर छान आहे. पण हा मोर प्रत्येक शाळेत आहे. तुझ्या बोर्डावर दुसरीकडे नाही असं काय आहे ते सांग."

साहित्याची गंमत वेगळीच. घरात पेपर यायचा 'महाराष्ट्र टाइम्स'. त्याचे संपादक गोविंद तळवलकर जन्मानं डोंबिवलीचे, म्हणून आजीला पेपराबद्दल माहेरासारखा जिव्हाळा. अग्रलेख काका वाचून होईपर्यंत कात्री लावायची नाही हा नियम होता, आणि काका तो रविवारी दुपारी सलग सात वाचायचे. त्यामुळे आमच्या बोर्डावरची 'ताजी बातमी' नेहमी आठ दिवसांची. शिवाय प्रत्येक कात्रणाला पाठ असते. पुढच्या बाजूला फोटो सुंदर म्हणून कापावा तर मागे काकूचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं निघायचं. काकू शांत बाई, पण आडव्या चौदाचं उत्तर शाळेच्या भिंतीवर पालथं लागलंय हे कळल्यावर तिनं त्या दिवशी कुणाच्या डब्याला पोळी-भाजीच्या पलीकडे काही दिलं नाही.

चिकटवायला खळ. मैद्याची, आजी स्टोव्हवर करायची. एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ताईनं त्यांचा मोठा फोटो कार्डशीटवर चिकटवून रात्री पलंगाखाली सरकवला. सकाळी काढला तर अंतराळवीराचा डावा कान आणि हनुवटीचा बराच भाग झुरळांनी खाल्लेला. खळ ताजी, मैदा चविष्ट, त्यांचा काय दोष. ताईनं खाल्लेल्या भागावर कापूस लावून ढग केला. अंतराळात ढग कसा, हे आम्ही कुणी विचारलं नाही. एक बाइंडर आमच्या मागच्या इमारतीत राहायचे, त्यांनी आजीला खळीत चिमूटभर मोरचूद टाकायला सांगितलं. पुस्तकं बांधणारे तसंच करतात, कीड लागत नाही. मोरचूद विषारी, त्यामुळे त्या दिवसापासून खळीचं भांडं आणि चमचा वेगळे झाले, खिडकीत वर ठेवले गेले, आणि आमची खळ निळसर दिसू लागली. त्या वेळच्या आमच्या सगळ्या कार्डशीटांच्या कडांना निळी झाक आहे.

अक्षराचं शिक्षण कल्याणच्या मामाकडून. मामा रेल्वेत, राहायला कल्याणला पारनाक्याजवळ. दिवाळीनंतरच्या सुट्टीत त्यानं दादाला आणि मला डोंबिवलीच्या फलाटाच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि स्टेशनाच्या नावाच्या पाटीकडे बोट दाखवलं. पिवळ्यावर काळं. "का माहीत आहे का? फास्ट गाडी न थांबता जाते, तिच्या दारातल्या माणसाला वाचता यावं म्हणून." आम्ही तिथे दोन गाड्या जाऊ दिल्या. मग त्यानं विचारलं, तुमच्या वर्गात पोरं कशी जातात बोर्डासमोरून? थांबून की फास्ट? आम्ही गुलाबी कार्डशीटवर लाल स्केचपेननं लिहीत होतो. तसं लिहिणं त्या दिवसापासून बंद. काळ्या शाईशिवाय काही नाही, आणि मथळा पिवळ्या पट्टीवर. आमच्या चौकात एक काळा फळा होता, कुठल्याशा मंडळाचा. तिथे रंगीत खडू आडवा धरून एक गृहस्थ मथळे लिहायचे. दादा संध्याकाळी दूध आणायला गेला की अर्धा तास त्यांचा हात बघत थांबायचा आणि दूध नासायची वेळ यायची. खडूच्या रुंद बाजूनं अक्षराचं अंग आणि कडेनं शेपटी, हे तो तिथे शिकला.

मग आला ऑगस्ट १९८४ आणि पी. टी. उषा. लॉस एंजलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्यपदक एक शतांश सेकंदानं हुकलं. तिची वेळ ५५.४२, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. घरात सुतकासारखं वातावरण. त्या आठवड्यात बोर्ड माझा होता. मी अर्थातच तिचा फोटो मध्ये, चारी बाजूंनी तिरंगा आणि खाली 'उषा, आम्हाला तुझा अभिमान आहे' असा बेत आखला होता. दादा जेवता जेवता म्हणाला, "शतांश सेकंद म्हणजे किती, ते लाव ना."

"किती म्हणजे? शतांश."

"पोरांना शतांश दिसतो का?" असं म्हणून त्यानं ताटाशेजारी, ओल्या बोटानं, फरशीवर भागाकार मांडला. ४०० मीटरला ५५.४२ सेकंद. म्हणजे सेकंदाला सात मीटर आणि वर बावीस सेंटिमीटर. म्हणजे शतांश सेकंदात सात सेंटिमीटर आणि दोन मिलिमीटर. हाताला आमटी लागलेली, आकडे सुकत चाललेले, आणि आम्ही सगळे वाकून त्याकडे बघतोय. काका म्हणाले, "एवढंच?" आणि आपली चार बोटं जुळवून बघितली. साधारण तेवढंच होतं.

बोर्डावर मी फोटो लावलाच नाही. हिरव्या कापडाच्या मधोमध, चुलतभावाच्या नाकाच्या उंचीवर, लाल घोटीव कागदाची एक पट्टी. बाकी सगळा बोर्ड मोकळा. पट्टीखाली काळ्या अक्षरात 'उषा इतक्यानं हुकली.' झालं.

सोमवारी पहिल्या तासाला बाई आल्या, बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत पोरांनी पट्टीवर बोटं लावून बघायला सुरुवात केली. प्रत्येकाला आपली चार बोटं तिथे ठेवून बघायची होती. घामट हात, ऑगस्टचा दमट दिवस, आणि घोटीव कागदाचा लाल रंग कच्चा. चौथ्या तासाला गणिताच्या सरांनी एकाला फळ्याशी बोलावलं तर त्याची बोटं लाल. दुसऱ्याला बोलावलं, त्याचीही. सरांना वाटलं वर्गात काही तरी फुटलं. त्यांनी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. बेचाळीस मुलांच्या वर्गात तीस-पस्तीस हात लाल होते. मला आत्याची काच आठवली. मी तिला त्याच संध्याकाळी कार्ड टाकलं. तिचं उत्तर अजून आहे माझ्याकडे: 'शाब्बास. पट्टी रोज नवी लाव.'

खरी मजा त्याच्या पुढे. आमची शाळा दोन सत्रांची होती. सकाळी आठवी ते दहावी, दुपारी त्याच वर्गांत, त्याच बाकांवर पाचवी ते सातवी. कल्याण-डोंबिवलीत माणसं भराभर वाढत होती आणि भिंती तेवढ्या वेगानं वाढत नव्हत्या, त्यामुळे एका खोलीला दोन मालक असणं ही नेहमीची गोष्ट. सकाळवाल्यांनी लावलेल्या राष्ट्रपुरुषांना दुपारवाले मिशा काढतात आणि दुपारवाल्यांच्या पणत्या सकाळवाले फाडतात, हा जुना वैरभाव. योगायोग असा की माझ्या आठवीच्या खोलीत दुपारी चुलतभावाची सहावी बसायची. मंगळवारी सकाळी मी वर्गात गेलो तर पट्टीशेजारी पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं: 'मोजली. ७ आहे. ७.२ नाही. – दुपार.'

अक्षर कुणाचं ते मला लगेच कळलं. ते माझ्याच घरात झोपत होतं. पण दादा चिडला. त्यानं पट्टी घरी आणून मोजली. सातच होती. आजीच्या शिवणाच्या कात्रीनं ताईनं कापली होती की मी, यावर त्या रात्री जो वाद सुरू झाला तो चाळीस वर्षं झाली तरी संपलेला नाही. ताई म्हणते तिनं ७.२चीच कापली, मी चिकटवताना कड दुमडली. दादाचं आताशा तिसरंच चाललंय: शेवटच्या दहा मीटरमध्ये माणूस दमलेला असतो, वेग सरासरीपेक्षा कमी, म्हणजे पट्टी मुळात सातपेक्षाही लहान हवी होती. निवृत्त झालेल्या माणसाला वेळ फार.

दुपारच्या त्या ओळीबद्दल आत्याला कळवलं तेव्हा ती शनिवारी स्वतः डोंबिवलीला आली. पिशवीतून आखीव कागदाची एक लांब पट्टी आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल काढली. "पट्टी काढ नाहीतर ठेव, पण हे लाव. अर्धा कागद कोरा सोडायचा." कोरा कागद बोर्डावर लावणं मला कमीपणाचं वाटलं. लावला. पहिल्याच दिवशी पेन्सिल गेली, सुतळी राहिली. दुसरी लावली, तीही गेली. बाबांनी आपल्या कचेरीतली लाल-निळी पेन्सिल देऊ केली, ती तर मधल्या सुट्टीपर्यंतही टिकली नाही. शेवटी आजीनं तोडगा काढला. धाकटीच्या कंपासपेटीतलं बोटभर थोटूक, चावलेलं, टोक मोडकं, ते बांधलं. वर्षाच्या शेवटापर्यंत टिकलं. आजही बोर्डाशी पेन्सिल बांधायची तर कुणाला हवीहवीशी वाटणार नाही अशीच बांधावी.

त्या कागदावर सकाळ आणि दुपार बोलू लागल्या. एकमेकांना कधी न भेटणारी ऐंशी-पंचाऐंशी मुलं. सुरुवात शिव्यांनी झाली, ते सांगायला हवं. दोन कागद फाडून टाकावे लागले. मग प्रश्न येऊ लागले. मला आठवतो तो कुणा दुपारवाल्याचा: 'कर्जत, कसारा वर आहे, घाट आहे. मग तिकडे जाणाऱ्या गाडीला डाऊन का म्हणतात?' सकाळवाल्यांनी पाच उत्तरं लिहिली, पाचही ठोकून दिलेली. चुलतभावानं रविवारी मामाला गाठलं. मामानं सांगितलं ते त्यानं पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीत लावलं: रेल्वेच्या अप-डाऊनचा चढ-उताराशी संबंध नाही. आपली लाइन मुंबईहून निघाली, १८५३ साली ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत. मुंबईकडे जाते ती अप, मुंबईपासून लांब जाते ती डाऊन. त्याखाली एका सकाळवाल्यानं लिहिलं, 'म्हणजे माझे बाबा रोज अप जातात आणि डाऊन होऊन येतात.' बाई हसल्या, म्हणून तो कागद काढला नाही.

असं सगळीकडे होत नव्हतं. पुढे एकदा धाकटीला काही कारणानं वर्षभरासाठी दुसऱ्या शाळेत घातलं होतं. तिथे जिन्यापाशी मोठा, काचेचा, सागवानी फलक होता. तपासणीच्या आधी आठ दिवस तास बुडवून तो सजवला गेला. 'आपले पर्यावरण', थर्माकोलची झाडं, थर्माकोलचा धबधबा, सोनेरी भुकटी. साहेब आले, खूश होऊन गेले, कुलूप लागलं आणि किल्ली हरवली. पर्यावरण पुढच्या जूनपर्यंत तिथेच. काचेच्या आत एक पाल राहायला आली आणि धाकटी सांगते, त्या वर्षी पोरं फलकापुढे थांबत असतील तर त्या पालीसाठी. नाकाचे ठसे पडत होते, पण धबधब्यासमोर नव्हे.

हॅलेचा धूमकेतू १९८६च्या सुरुवातीला आला तेव्हा दादा कॉलेजात गेलेला, ताई दहावीच्या अभ्यासात. बोर्ड माझ्याकडे आणि चुलतभावाकडे. आम्ही कोरा कागद लावला आणि वर लिहिलं, 'दिसला का? कुठून? किती वाजता?' बारा जणांनी दिसल्याचं लिहिलं. त्यातले निदान नऊ जण थापा मारत होते, कारण एकानं तो फडके रोडवरून संध्याकाळी सहाला पाहिला होता. पण पुढची ओळ कुणीतरी लिहिली होती: 'परत २०६१ला येणार. तेव्हा मी नव्वदीचा. तेव्हा सांगतो.' त्याचं अक्षर मी ओळखलं नाही. अधूनमधून वाटतं, त्याला हे आठवत असेल का.

पुढे पांगापांग झाली. दादा बोरिवलीला, ताई पुण्याला, चुलतभाऊ परदेशात, धाकटी तेवढी ठाण्यात, आत्याच्या दोन गल्ल्या पलीकडे. रामनगरची इमारत पाडून टॉवर झाला. नाकाच्या रेघेची चौकट राडारोड्यात गेली, आणि बाबांना त्याचं वाईट वाटलं हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. शाळांमध्ये फ्लेक्स आले. पाच बाय तीनचा फ्लेक्स, त्यावर संगणकानं छापलेले थोर पुरुष, दहा वर्षांची हमी. दहा वर्षं तोच मजकूर टिकतो ही त्याची मोठी खोट आहे असं माझं मत, पण कंत्राटदाराचं नसणार.

दादाची मुलगी कल्याणला एका शाळेत आठवी-नववीला शिकवते. तिच्या वर्गात भिंतीवर पडदा आहे, प्रोजेक्टर आहे, आणि कोपऱ्यात एक जुना सॉफ्ट बोर्ड आहे, ज्यावर ती जीव टाकते. भावंडांच्या व्हॉट्सअॅप गटावर ती अधूनमधून काहीबाही वाचलेलं टाकते. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक मास्तर होते, ते वर्गाच्या भिंतीवर दर आठवड्याला कागद लावायचे आणि मुलं त्यावर तक्रार, कौतुक आणि मागण्या स्वतःच्या हातानं लिहायची. हे तिनं आत्याला वाचून दाखवलं. आत्या शहाऐंशीची, ऐकू कमी येतं, समजतं सगळं. "त्यांच्याकडे पेन्सिल टिकायची का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या एका वेळी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला २०१४चा प्रयोग सांगितला: बालवाडीच्या चोवीस मुलांना कधी भिंती भरलेल्या खोलीत, कधी मोकळ्या खोलीत शिकवलं, तर भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि शिकणं कमी झालं. माझ्या डोळ्यांपुढे हिरव्या कापडावरची एकुलती लाल पट्टी आली. आत्या म्हणाली, "चोवीस मुलं म्हणजे थोडीच आहेत. पण भिंतीला गप्प बसवायला लागतं, हे खरं."

२०२४च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आमच्या गटावर दिवसभर हळहळ, संताप, वजनकाट्याबद्दल प्रत्येकाचे सिद्धान्त. दोन दिवसांनी पुतणीनं एक फोटो टाकला. कोपऱ्यातला सॉफ्ट बोर्ड, पूर्ण मोकळा. मधोमध एक खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला प्लास्टिकची छोटी पिशवी, आणि पिशवीत वाण्याकडून तोलून आणलेले शंभर ग्रॅम शेंगदाणे. खाली पिवळ्यावर काळ्या अक्षरात: 'विनेश इतक्यानं हुकली.' आम्ही पाच जणांनी पाच शहरांतून एकाच मिनिटात काहीतरी लिहिलं आणि मग कुणीच काही लिहिलं नाही. ही पट्टीची गोष्ट तिला आम्ही कधी सांगितली होती, यावरही आता दोन मतं आहेत.

चौथ्या दिवशी तिचा वैतागलेला निरोप आला. मुलं येता-जाता पिशवी तळहातावर घेऊन वजन बघत होती, तेवढं ठीक. पण पिशवीच्या तळाला कुणीतरी कर्कटकानं भोक पाडलं होतं. प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवली तर बासष्ट ग्रॅम. अडतीस ग्रॅम आठवीनं खाल्ले. आता वाळू भरू का, असं तिनं विचारलं होतं.

धाकटीनं संध्याकाळी आत्याकडे जाऊन तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. 'अडतीस' दोनदा सांगावं लागलं. आत्या बराच वेळ हसली, मग फोन हातात घेऊन, स्पीकरवर आहे हे विसरून ओरडून म्हणाली, "वाळू नको गं, दाणेच भर. आणि या खेपेला भाजून भर."